पाया एकच असेल तर घातांकांची वजाबाकीच का करायची?

अमळनेरच्या एका ताईंनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांची मुलगी आठवीत शिकते. घातांकांचे नियम तिला सातवीपासून तोंडपाठ आहेत, तरीही घटक चाचणीत भागाकाराची तीन उदाहरणे चुकली. तिने ६^८ ÷ ६^२ चे उत्तर ६^४ लिहिले, ५^३ ÷ ५^७ चे उत्तर ५^४ लिहिले आणि ९^४ ÷ ९^४ चे उत्तर शून्य लिहिले. (घातांक ओळीच्या वर बारीक अक्षरात लिहिण्याची सोय नसल्यामुळे मी ‘^’ हे चिन्ह वापरतो आहे. ५^७ म्हणजे ५ चा सातवा घात, अर्थात सात पाचांचा गुणाकार. त्यात ५ हा पाया आणि ७ हा घातांक.) पाया एकच असेल तर भागाकारात वरच्या घातांकातून खालचा वजा करायचा, हा नियम आणखी पक्का पाठ कसा करून घ्यावा आणि शून्य घातांकाची किंमत १ का येते हे घरी कसे समजावून सांगावे, असे ताईंनी विचारले आहे.

ताई, तुमच्या मुलीची तिन्ही उत्तरे मी नीट पाहिली. ती निष्काळजीपणाने लिहिलेली नाहीत. प्रत्येक उत्तरामागे तिने काहीतरी विचार केलेला दिसतो. पहिल्यात भागाकाराचे चिन्ह आहे म्हणून तिने घातांकांचा भागाकार केला. दुसऱ्यात वजाबाकी करायची हे आठवले, परंतु तीनातून सात जात नाहीत म्हणून सातातून तीन वजा केले. तिसऱ्यात वरचे आणि खालचे सगळे कटले, मग उरले काय, तर शून्य, असा हिशेब केला. नियमाचे शब्द तिला येतात; तो नियम नेमके काय मोजतो, हे तिच्यासमोर कधी उलगडलेले नाही. म्हणून पाठांतर वाढवून हा दोष जाईल असे मला वाटत नाही. उलट शब्द जितके पक्के होतात तितके मूल वहीवरच्या संख्यांकडे कमी पाहते, असा वर्गातला माझा अनुभव आहे.

उपाय कोठून सुरू करायचा हे मात्र तिच्या अपूर्णांकांवर अवलंबून आहे आणि ते मला इथून दिसत नाही. त्यासाठी आधी एक छोटी चाचपणी करा. तिला १५/३५ ला अतिसंक्षिप्त रूप द्यायला सांगा. ३/७ असे उत्तर आले की दुसरा प्रश्न विचारा: (७ + २)/७ यात वरचा आणि खालचा सात कट करता येईल का? ‘नाही, कारण वर बेरीज आहे’ असे तिने सांगितले तर निर्धास्त होऊन पुढे जा. तिने सात कट करून २ किंवा ३ असे उत्तर दिले, तर घातांक काही दिवस बाजूला ठेवा. अंश आणि छेद यांना एकाच संख्येने भागले तर अपूर्णांकाची किंमत बदलत नाही, आणि काट मारणे म्हणजे प्रत्यक्षात हा भागाकारच, एवढे आधी पक्के झाले पाहिजे. ७ ला ७ ने भागले की तिथे १ उरतो. काट मारलेल्या आकड्याशेजारी तो १ लिहायची सवय अनेक मुलांना नसते; रेघ ओढली की तिथे काहीच राहिले नाही, असे त्यांना वाटते. ९^४ ÷ ९^४ चे उत्तर शून्य येण्याचे मूळ माझ्या मते इथेच आहे.

अपूर्णांक ठीक असतील, तर पुढचे काम एका उदाहरणावर होते. ५^७ ÷ ५^३ घ्या आणि तिला नियम न वापरता ते पूर्ण मांडायला सांगा. मोठी आडवी रेघ ओढायची, वर ५ × ५ × ५ × ५ × ५ × ५ × ५ असे सात पाच लिहायचे आणि खाली ५ × ५ × ५ असे तीन. आता खालच्या एका पाचाला वरचा एक पाच जोडून काट मारायची आणि दोन्हीकडे बारीक १ लिहायचा. असे तीनदा झाले की छेदात १ उरतो आणि अंशात चार पाच उरतात. उत्तर ५^४. माझ्या वर्गात एक मुलगा शेजारच्याला हे अहिराणीत समजावत होता: ‘वरना तीन, खालना तीन कटी गयात, वर चार उरनात.’ नियमाचा सगळा अर्थ या वाक्यात आला आहे. घातांक म्हणजे पाया गुणाकारात किती वेळा आला त्याची संख्या; भागाकारात खाली जितके असतील तितकेच वरचे जातात; आणि असलेल्यांतून गेलेले काढायचे म्हणजे वजाबाकी. एवढे झाल्यावर तिच्याकडून किंमती काढून ताळा करून घ्या. ५^७ म्हणजे ७८१२५, ५^३ म्हणजे १२५, आणि ७८१२५ ला १२५ ने भागले की ६२५ येतात, म्हणजेच ५^४. हा ताळा एकदा तरी मुलाने स्वतःच्या हाताने करावा असा माझा आग्रह असतो, कारण घातांकांशी केलेली वजाबाकी आणि खरा भागाकार एकाच ठिकाणी पोहोचतात हे त्याने पाहिलेले असावे, केवळ ऐकलेले नसावे.

आता ६^८ ÷ ६^२ कडे वळू. वर आठ सहा, खाली दोन सहा, दोन कटले, सहा उरले, उत्तर ६^६. घातांकांचा भागाकार केल्यावर येणारे ६^४ चूक का, हे या मांडणीत तिला न सांगता दिसते. तरीही हुशार मूल विचारते की आठ भागिले दोन या हिशेबाला मग काहीच अर्थ नाही का. अर्थ आहे, पण तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. आठ सहांचे दोन-दोनचे गट पाडले तर चार गट होतात, म्हणजे ६^८ = (६^२)^४. इथे आपण काही कमी केलेले नाही, आहे तेच गटांत बांधले. घाताचा घात घेताना घातांकांचा गुणाकार होतो, त्याची ही उलटी बाजू आहे. दोन्ही नियम एकाच प्रकरणात पाठोपाठ येत असल्यामुळे मुलांच्या मनात त्यांची सरमिसळ होते.

ही चूक लवकर का लक्षात येत नाही याचे एक कारण उदाहरणांच्या निवडीत असते, आणि ते शिकवणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे असे आहे. समजा पहिलेच उदाहरण २^४ ÷ २^२ घेतले. वजाबाकी केली तर ४ − २ = २, भागाकार केला तर ४ ÷ २ = २. दोन्ही वाटांनी २^२ हेच उत्तर येते आणि चुकीची पद्धत वापरणाऱ्या मुलाच्या वहीत बरोबरची खूण पडते. धन पूर्णांकांमध्ये फरक आणि भागाकार सारखे येणारी ४ आणि २ ही एकमेव जोडी आहे, आणि सोपे आकडे हवेत म्हणून नेमकी तीच हाताशी येते. घरी उदाहरणे देताना ही जोडी टाळा. ७ आणि ३, ९ आणि २, ११ आणि ५ असे घातांक घ्या. त्यांत घातांकांचा भागाकार करायला निघालेले मूल तिथल्या तिथे अडखळते आणि त्याची चूक लगेच वर येते.

आणखी एक उत्तर अधूनमधून दिसते: ५^७ ÷ ५^३ = १^४. पाचाला पाचाने भागले, एक आला. सातातून तीन गेले, चार राहिले. तुमच्या मुलीने हे केलेले नाही, पण केले तर पुन्हा तीच लांब मांडणी करायला सांगा आणि उरलेले चार आकडे कोणते आहेत ते वाचून दाखवायला सांगा. अधिक काही बोलावे लागत नाही.

५^३ ÷ ५^७ हे उदाहरण जास्त सावकाशीने घ्यावे लागते. वर तीन पाच, खाली सात पाच. तीन जोड्या कटल्या. वर १ उरला, खाली चार पाच उरले. म्हणून उत्तर १/(५^४), म्हणजे १/६२५. तुमच्या मुलीने चार हा आकडा अचूक काढला होता. ते चार पाच रेघेच्या खाली उरले आहेत, हे तिच्या उत्तरात आले नाही. मी या टप्प्यावर ऋण घातांकाचे नावही काढत नाही. ३^२ ÷ ३^५, १०^१ ÷ १०^४, ७^६ ÷ ७^८ अशी काही उदाहरणे मुले लांब मांडणीने सोडवतात आणि उत्तरे १/(३^३), १/(१०^३), १/(७^२) अशीच लिहितात. उरलेले वर आहेत की खाली, हे मुले सहज सांगू लागली की मगच मी म्हणतो: आपला नियम नेहमी वरच्या घातांकातून खालचा वजा करा असे सांगतो, मग ३ − ७ किती? उणे चार. तेव्हा ५^(−४) ही खूण आपण ‘चार पाच छेदात आहेत’ या अर्थाने वापरू. अशा क्रमाने गेले की मुलाला चिन्ह भेटते तेव्हा त्याचा अर्थ आधीच हाताशी असतो. क्रम उलटा झाला, तर ५^(−४) म्हणजे उणे ६२५ असे समजणारी मुले दरवर्षी भेटतात. ५^(−४) ही संख्या ऋण नाही. ती शून्यापेक्षा मोठी, फक्त फार लहान आहे.

हेच दुसऱ्या अंगाने दाखवायचे असेल तर २ चे घात उतरत्या क्रमाने एका ओळीत लिहायला सांगा: २^४ = १६, २^३ = ८, २^२ = ४, २^१ = २. घातांक एकाने कमी झाला की किंमत निम्मी होते, हे मूल स्वतः म्हणते. मग पुढची पायरी १, त्यापुढची १/२, मग १/४, १/८. घातांकांची ओळ सोबत चालवली की ०, −१, −२, −३ हे आपोआप त्यांच्यासमोर येऊन बसतात. जर्मन गणिती मिखाएल स्टिफेल याने १५४४ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात २ च्या घातांची अशीच सारणी दिली होती, तीत वर −३ पासूनचे घातांक आणि खाली १/८ पासूनच्या किंमती होत्या. मुलांना हे सांगितले की त्यांना आनंद होतो, कारण त्यांनी वहीत नुकतेच जे केले तेच मोठ्या गणितीनेही मांडले होते.

या ओळीत शून्य घातांक येऊन गेलाच, तरी ताईंनी मुद्दाम विचारले आहे म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबतो. ९^४ ÷ ९^४ मध्ये संख्येला त्याच संख्येने भागायचे आहे. शून्याखेरीज कोणत्याही संख्येला तिनेच भागले तर १ येतो; ६५६१ ÷ ६५६१ = १. हे आपल्याला घातांक शिकण्याआधीपासून माहीत आहे. आता वजाबाकीच्या नियमाने तेच उत्तर ९^(४ − ४) म्हणजे ९^० असे येते. एकाच भागाकाराची दोन उत्तरे वेगळी असू शकत नाहीत. म्हणून वजाबाकीचा नियम कुठेही अपवाद न करता चालावा असे वाटत असेल, तर ९^० ची किंमत १ मानावीच लागते. ही किंमत आपण ठरवलेली आहे आणि ती अशी ठरवण्याला हे कारण आहे, हे मुलांना मोकळेपणाने सांगावे. आठवीच्या मुलांना असे कारण पेलते. त्यांना ‘नियम आहे, लक्षात ठेव’ म्हटले की ती लक्षात ठेवतात आणि परीक्षेत शून्य लिहितात.

तरीही मूल म्हणेल की नऊ एकदाही गुणला नाही तर शून्यच यायला हवे. त्यावर मी प्रत्येक घात १ पासून सुरू करून लिहायला लावतो: ९^३ = १ × ९ × ९ × ९, ९^२ = १ × ९ × ९, ९^१ = १ × ९. एकेक नऊ काढत गेलो की शेवटी सुरुवातीचा १ तेवढा राहतो. बेरजेत काहीच मिळवले नाही तर शून्य राहते, गुणाकारात कशानेच गुणले नाही तर १ राहतो. मुलांच्या डोक्यात बेरजेची सवय जुनी असल्यामुळे ती शून्याकडे धावतात, हे स्वाभाविक आहे.

या सगळ्यात पाया शून्य नसावा ही अट आहे, आणि ती पुस्तकात एका ओळीत येत असल्यामुळे नजरेतून सुटते. पाया शून्य असेल तर खाली ०^३ म्हणजे शून्यच येईल आणि शून्याने भागाकार करता येत नाही. याविषयी सांगताना मी मुलांना आपल्याच भागातली एक गोष्ट सांगतो. इ.स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी बीजगणितावर लिहिताना शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ असे नाव दिले आणि तिला अनंत मानले. आजचे गणित अशा भागाकाराची व्याख्याच करत नाही. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद असलेला शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. पाटणादेवीला सहलीला गेलेली मुले वर्गात असतातच, आणि ही अट त्यांच्या नंतर विशेष लक्षात राहते.

नियम कुठे लागू होत नाही, हेही त्याच वेळी दाखवावे. २^५ − २^३ हे २^२ नव्हे. ३२ मधून ८ गेले की २४ उरतात. वजाबाकी घातांकांत होते ती संख्यांचा भागाकार असेल तेव्हाच. ४^५ ÷ २^३ मध्ये पाया वेगळा आहे, म्हणून घातांकांना लगेच हात लावायचा नाही. पण ४ म्हणजे २^२ हे ओळखले तर ४^५ चे २^१० होते आणि मग उत्तर २^७, म्हणजे १२८. शिष्यवृत्तीची तयारी करणाऱ्या मुलांना अशी उदाहरणे जरूर द्यावीत, कारण त्यांत नियमाआधी डोळे वापरावे लागतात. पाया ऋण असेल तेव्हा कंस सोडू नये: (−२)^४ म्हणजे १६, आणि कंसाविना −२^४ म्हणजे −१६.

सर्वांत जास्त गुण मात्र १२क्ष^५ ÷ ४क्ष^२ अशा पदांत जातात. काही मुले ३क्ष^३ असे बरोबर लिहितात, काही ८क्ष^३ लिहितात. वजाबाकीची लय लागलेली असते, त्या लयीत १२ मधूनही ४ वजा होतात. इथे १२ आणि ४ हे घातांक नाहीत, त्या गुणाकारातल्या साध्या संख्या आहेत. त्यांचा नेहमीसारखा भागाकार होतो. अशा उदाहरणात मी मुलांना सहगुणकांचा अपूर्णांक वेगळा आणि क्षचा अपूर्णांक वेगळा, मध्ये गुणाकाराचे चिन्ह, असे दोन भाग लिहायला लावतो. एक ओळ वाढते, पण दोन कामे दोन आहेत हे कागदावर दिसते.

हे सगळे कशासाठी, असा प्रश्न मुलगी विचारणार असेल तर धरणातल्या पाण्याचे उदाहरण घ्या. गिरणा किंवा हतनूर धरणात किती दलघमी पाणी उरले हे उन्हाळ्यात आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत वारंवार येते. एक दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर, अर्थात १०^६ घनमीटर. एका घनमीटरात १०^३ लिटर. म्हणून एक दलघमी म्हणजे १०^९ लिटर. माणशी दिवसाला १०० लिटर, म्हणजे १०^२ लिटर धरले, तर १०^९ ÷ १०^२ = १०^७, एवढ्या माणसांची एका दिवसाची गरज भागते. गाव लाख वस्तीचे असेल तर १०^७ ÷ १०^५ = १०^२, म्हणजे शंभर दिवस. बाष्पीभवन आणि गळती यांत धरलेली नाही, हे तिला सांगायला विसरू नका. शून्यांच्या रांगा न लिहिता एवढा मोठा हिशेब दोन वजाबाक्यांत झाला, हे तिने स्वतः करून पाहावे.

आता घरी नेमके काय करावे ते सांगतो. चाचणी आठवड्यावर आली असेल तर सगळे मुळापासून शिकवायला जाऊ नका. तिच्या तीन चुकलेल्या उदाहरणांची लांब मांडणी तिच्याकडून करून घ्या आणि तशीच प्रत्येकी दोन-तीन उदाहरणे द्या. वेळ असेल तर निदान काही दिवस नियम वापरायला मनाईच करा, प्रत्येक भागाकार रेघेच्या वर आणि खाली पूर्ण लिहूनच होऊ द्या. आकडे लहान ठेवा, पण वरचा घातांक मोठा, खालचा मोठा, दोन्ही सारखे, असे तिन्ही प्रकार मिसळून द्या. प्रकारवार गट पाडून दिले तर मूल उदाहरण वाचत नाही, गटाची रीत चालवते. मग एके दिवशी ३^५० ÷ ३^४७ द्या. पन्नास तीन कोणी लिहीत बसणार नाही. ‘सत्तेचाळीस कटतील, तीन राहतील, म्हणजे सत्तावीस’ असे ती तोंडी म्हणाली की मनाई उठवा.

उत्तर कोणत्या रूपात लिहावे, हे प्रश्नात काय मागितले आहे त्यावर ठरते. ‘धन घातांकाच्या रूपात लिहा’ असे असेल तर १/(५^४), ‘घातांकित रूपात लिहा’ असे असेल तर ५^(−४) चालेल, किंमत विचारली असेल तर १/६२५. तपासताना माझ्यासमोर अशा वह्या येतात की ज्यांत गणित पूर्ण बरोबर आणि रूप मात्र वेगळे लिहिलेले असते. त्यासाठी तिला एकच उत्तर तिन्ही रूपांत लिहायचा थोडा सराव द्या. ७^२ ÷ ७^(−३) असे उदाहरण आले तर वजाबाकी कंसात मांडायला सांगा, २ − (−३) = ५; तोंडी करायला गेले की उणे एक असे उत्तर येते. आठवीत यापुढे अपूर्णांक घातांक येतील आणि त्यांनाही हाच वजाबाकीचा नियम लागतो, परंतु त्यांचा अर्थ वर्गमूळ आणि घनमूळ यांच्याशी जोडलेला असल्यामुळे लांब मांडणीची युक्ती तिथे चालत नाही. तो भाग सुरू झाल्यावर तिला कुठे अडते ते अवश्य कळवा, त्याविषयी स्वतंत्र लिहीन.